एक नग मांजर, जादा

दादानं नागपूरहून संत्री आणली होती, ती मी पिशवीभर ऑफिसात नेली. सगळ्यांनी सोलून खाल्ली, साली खिडकीबाहेर टाकल्या, हात पुसले. लांजेवारबाबूंनी मात्र आपल्या वाट्याचं संत्रं समोर ठेवलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला विचारलं, “कुठचं?”

“नागपूरचं,” मी म्हणाले.

“नागपुरात झाड पाहिलं का तू याचं?”

“नाही. दादानं स्टेशनाबाहेर घेतलं.”

“मंग नागपूरचं कसं? नागपुरातून निंघालं म्हण. निंघणं वेगळं अन् उपजणं वेगळं, पोरी. काटोलचं असन, वरुडचं असन. कागद काय म्हंते?”

संत्र्याला कागद नव्हता. त्यामुळे ते टेबलावरच बसून राहिलं. आधी मऊ पडलं, मग सुकलं, आणि शेवटी पेपरवेट म्हणून कामाला लागलं.

लांजेवारबाबू हे वेडानं करत नव्हते. त्यांची नोकरीच तशी होती. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. जिकडे बघावं तिकडे लाल धूळ, क्रेन आणि अर्धवट भिंती. रशियाशी करार झालेला, त्यामुळे तिकडच्या यंत्रांवरच्या आयात ड्यूटीत सूट मिळे. पण सूट फुकट मिळत नाही. माल खरोखर तिथंच तयार झाला आहे असा उगमाचा दाखला लागे. जहाज तिथून सुटलं एवढ्यानं भागत नसे. मधल्या एखाद्या देशात बनलेला बोल्ट त्या जहाजात चढला असेल तर त्याची सूट गेली. दाखला, जहाजाची बिल्टी, पॅकिंग लिस्ट, सगळ्यांवर एकच आकडे हवेत. बंदरावर एवढाली खोकी उघडायला जागा नव्हती, म्हणून ती सीलबंद आमच्याकडे येत. बाबू ती उघडून कागदाशी ताडून पाहत, मग कस्टमचा इन्स्पेक्टर येऊन सही करी, आणि तोवर त्यातला खिळासुद्धा लांजेवारबाबूंच्या ताब्यात राही.

मी त्या ऑफिसातली टायपिस्ट. ऑफिस म्हणजे रेल्वेच्या साइडिंगला लागून असलेली पत्र्याची शेड. वडील नागपूरला रेल्वेत फिटर, दादा इथं प्लांटमध्ये लागलेला, आणि आम्ही कॅंप-१ मध्ये राहायचो. लांजेवारबाबूंची खोली आमच्या मागच्या ओळीत. भंडाऱ्याकडचे शेतकरी घराण्यातले, वय पंचेचाळीसच्या पुढे, एकटे. लग्न झालं होतं, पण बायको वर्षाच्या आतच तापानं गेली असं दादाला कोणीतरी सांगितलं होतं. ते स्वतः घरचं काही बोलत नसत. कोणाकडे जात नसत, आणि त्यांच्याकडेही कोणी जात नसे, कारण गेलं की ते आधी विचारत, “कोणत्या कामानं?”

तर एका दुपारी रोलिंग मिलच्या मोटरचं खोकं उघडायचं होतं. मोटर बसवणारे रशियन इंजिनियर ग्रिगोरीसाहेब स्वतः येऊन उभे राहिले. आडदांड माणूस, डोक्यावर सदा एक राखाडी कापडी टोपी. हिंदीतले त्यांना तीन शब्द येत: अच्छा, चाय आणि जल्दी. त्यातला ‘जल्दी’ सर्वांत जास्त झिजलेला.

फिरंता नावाचा आमचा छत्तीसगढी खलाशी, म्हणजे खोकी हलवणारा मजूर, फळ्या उचकटत होता. बाबू लिस्ट वाचत होते. शेवटची फळी निघाली आणि फिरंता ओरडला, “बाबू, बिलई!”

“भिलाई तं हायच,” बाबू लिस्टमधून मान वर न करता म्हणाले, “आत काय हाय थे सांग.”

“बिलई हे बाबू! बिलई!”

मोटरवरच्या गवतातून एक राखाडी, हाडकुळं मांजर उठलं, आळस दिला आणि आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्हीच उशिरा आलोय.

ग्रिगोरीसाहेब हसायला लागले. फिरंताही हसला. लांजेवारबाबूंनी लिस्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. मागची बाजू पाहिली. मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, “लिस्टीत मांजर नाही.”

“हाकलून देऊ का?” मी विचारलं.

“हाकलून कशी देतं? सीलबंद खोक्यातून निंघालेला नग हाय थो. रशियात चढली असन तं दाखला पाहिजे. विशाखापट्टणमले चढली असन तं देशी हाय, तिचा आपला संबंध नाही. पण ठरल्याबिगर केस बंद नाही होत.”

“पण मोटर?”

“मोटर अन् मांजर एकाच केसमंदी हायत.”

उगम ठरवण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले. ग्रिगोरीसाहेबांनी रशियनमध्ये हाक मारली. मांजर त्यांच्याकडे गेलं. बाबूंनी ‘रशिया’ लिहायला पेन्सिल काढली. तेवढ्यात फिरंतानं छत्तीसगढीत हाक मारली. ते त्याच्याकडेही गेलं. मी “मनी, मनी” केलं तर माझ्याकडे आलं. बाबूंनी पेन्सिल परत कानावर ठेवली.

“हिच्यावर भरवसा नाही,” ते म्हणाले.

बंदरावरच्या ऑफिसला त्यांनी इंग्रजीत तार करवली. मीच टाइप केली: केस नंबर अमुक, वन कॅट एक्सेस, उगम कळवावा. मला वाटलं, तिकडे लोक हसतील आणि तार फाडून टाकतील. पण बंदरावरही कोणीतरी लांजेवार बसलेलाच असणार. उलट तार आली: जादा माल नगावर की वजनावर?

बाबूंना प्रश्न रास्त वाटला. त्यांनी मांजर उचललं आणि मालाच्या काट्यावर ठेवलं. तो काटा मोटरी आणि गर्डर तोलणारा. त्याचा काटाच हलला नाही. मांजर त्यावर बसून पंजा चाटत राहिलं. “कागदानं वजन शून्य,” बाबू म्हणाले, “तवा नगावर लिही.”

पुढची तार आली: नग नवा की वापरलेला?

यावर मात्र बाबू दुपारभर अडले. मांजराला उलटसुलट करून पाहिलं. कान एका बाजूनं फाटलेला होता. “वापरलेली,” ते हळूच म्हणाले, जणू तिला ऐकू जाऊ नये.

इकडे मोटरचा पाया तयार होऊन वाळला होता. स्टोअरचे साहेब पंजाबी होते, बोलायला लागले की शेडचे पत्रे थरथरत. “लांजेवार! एक बिल्ली के लिए पूरी मिल रुकी है! मोटर छोड़ो!”

“मोटर छोड़ूंगा तो बिल्ली भी छूटेगी ना साहब,” बाबू हात बांधून म्हणाले. “केस एकच हाय.”

ग्रिगोरीसाहेब रोज येत, “जल्दी, जल्दी” म्हणत आणि बसून चहा पीत. मांजर मात्र कोणत्याही घाईत नव्हतं. सुरुवातीला त्याला माल म्हणून खोक्याशी सुतळीनं बांधून ठेवलं होतं. मग सुतळी लांब झाली. मग दिसेनाशी झाली. मग ते बाबूंच्या टेबलावर, ड्यूटीच्या फायलींवर झोपायला लागलं आणि बाबू फाइल हवी असली की ते उठेपर्यंत थांबायला लागले. त्यांच्या डब्यात दूध-भात येऊ लागला. मी बघितलं तर म्हणाले, “ताब्यातला माल खराब झाला तं जबाबदारी कोणाची?”

मग ती शेवटची तार आली. इन्स्पेक्टर तपासणीला येत आहेत. परवान्याशिवाय आलेला जिवंत प्राणी आढळल्यास परत पाठवावा, अथवा नष्ट करावा.

ती तार मी वाचून दाखवली. बाबूंनी ती माझ्या हातातून घेतली, स्वतः वाचली, घडी केली, उलगडली, परत वाचली. त्या दिवशी डबाही उघडला नाही.

“बाबू, सोडून द्या ना तिला बाहेर,” मी म्हणाले. “सांगा, पळून गेली.”

“पळून गेली तं केस उघडीच राहते ना. मंग शोधत राह्यतील तिले. नाव लागलं हाय तिचं कागदाले.” आणि मग, मांजराकडे न पाहता, “म्याच लावलं.”

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले. किरकोळ, घामाघूम, शांत माणूस. रायपूरच्या गाडीतून उतरून थेट आलेले. स्टोअरचे साहेब, ग्रिगोरीसाहेब, फिरंता, सगळे भिंतीला लागून उभे. मी मशीनवर. बाबू खुर्चीत ताठ बसलेले, आणि त्यांच्या टेबलाचा खालचा मोठा खण जरासा उघडा, हवा जावी एवढा.

इन्स्पेक्टरनं मोटर पाहिली, आकडे ताडले, उगमाचा दाखला उजेडात धरून शिक्का पाहिला. सगळं बरोबर होतं. बाबूंच्या कागदात चूक निघाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी तारांचा गठ्ठा काढला. “ये कॅट का क्या मामला है? कॅट कहाँ है?”

मी बाबूंना इतके दिवस ओळखत होते. साध्या उशिरा येण्यालाही त्यांनी कधी खोटं कारण दिलं नव्हतं.

“कॅट नाही साहब,” ते म्हणाले. आवाज चिरकला. “कॅप. टोपी. टाइप में... टाइप में गलती.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठून उभी राहिले. “हो साहेब, माझीच चूक. पी च्या जागी टी पडला. दोनदा पडला.”

इन्स्पेक्टरनं तारा पुन्हा चाळल्या. नगावर की वजनावर, नगावर. नवी की वापरलेली, वापरलेली. टोपीला सगळं लागू पडत होतं. त्यांनी मान हलवली. “तो टोपी दिखाओ.”

याचा विचार कोणीच केला नव्हता. त्याच क्षणी खालच्या खणातून आवाज आला, “म्याँव.”

ग्रिगोरीसाहेब जोरात खोकले. इतके जोरात की फिरंता दचकून त्यांना पाणी आणायला पळाला. खोकत खोकतच ते पुढे आले, डोक्यावरची राखाडी टोपी काढली आणि इन्स्पेक्टरच्या पुढ्यात टेबलावर ठेवली.

“कॅप,” ते म्हणाले. “अच्छा कॅप.”

आणि लांजेवारबाबूंनी, सवयीनं, खरोखर सवयीनं, ती टोपी उचलली, उलटी केली, आत शिवलेली रशियन चिठ्ठी चष्म्याजवळ धरून पाहिली, आणि म्हणाले, “उगम बरोबर हाय.”

इन्स्पेक्टरनं सही केली. मोटर सुटली. पण टोपी लिस्टमध्ये नव्हती, म्हणून ती जादा माल ठरली आणि जप्त झाली. कागदात गुंडाळून, सील लावून इन्स्पेक्टर ती घेऊन गेले. ऐन उन्हाळ्याचे दिवस होते. ग्रिगोरीसाहेब मिल उभी होईपर्यंत डोक्याला फिरंताचा गमछा बांधून हिंडले, आणि तो त्यांना शोभलाही.

मला स्टोअरच्या साहेबांकडून ‘टायपिंगमधील हलगर्जीपणा’बद्दल लेखी ताकीद मिळाली. देताना ते हसत होते. बाबू मात्र हसले नाहीत. संध्याकाळी जाताना त्यांनी कापडी पिशवी छातीशी धरली होती आणि पिशवी हलत होती.

दोन-चार दिवसांनी मागच्या ओळीतल्या बायका नळावर म्हणायला लागल्या, “लांजेवाराचं कुटुंब आलं वाटते वो. रोज संध्याकाळी बोलून राहतो कोणाशी तरी.” आई नुकतीच नागपूरहून आली होती. तिनं अंबाडीची भाजी केली होती. “जा, वाटीभर देऊन ये त्यांना,” ती म्हणाली. “माणसं आली म्हणतात तर.”

मी गेले. दिवेलागणीची वेळ होती. दार लोटलेलं होतं आणि आतून बाबूंचा आवाज येत होता. ऑफिसात कधी न ऐकलेला, सैल आवाज.

“... मंग साहेब म्हंते, लांजेवार, नवीन खोकी आली. म्या म्हटलं, येऊ द्या. तीन बिल्ट्या, अन् तिन्हींचे आकडे वेगळे! सांग आता.” मग ताटली सरकवल्याचा आवाज. “नाही नाही, तू जेव आधी. माह्यासाठी थांबत नको जाऊ. मले उशीर होते कधी कधी. भात खारट झाला का? ... मले वाटलंच.”

मी वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. परत जावं असं वाटलं. पण भाजी निवत होती, म्हणून कडी वाजवली.

आतलं बोलणं तुटलं. दार उघडलं. बाबू बनियनवर, हातात पितळी ताटली. मला पाहून ते गोंधळले. मी मनाशी उत्तर तयार ठेवलं होतं, की भाजी द्यायच्या कामानं आले. पण त्यांनी विचारलंच नाही. ते दारातून बाजूला झाले, खुर्चीवरचं धोतर घाईघाईनं उचललं, आणि खुर्ची हातानं पुसून माझ्याकडे सरकवली.

“ये नं, बस,” ते अगदी हळू म्हणाले. “पण आवाज नको करू. आत्ताच झोपली.”

खाटेवर, उशीच्या मधोमध, राखाडी गोळा वर-खाली होत होता. बाबू जमिनीवर भिंतीला टेकून बसले. त्यांनी आईची तब्येत विचारली, दादाची पाळी विचारली. मी सांगत गेले. बराच वेळ आम्ही दोघं कुजबुजत बोलत बसलो, घरात कोणी निजलेलं असलं की बोलतात तसं.