बापूंचे फ्रीजातले जवान

"दार हळू लाव गं, जवान झोपल्यात!"

आमचे शेजारी बापू असे खेकसले की समजावं, कुणीतरी त्यांच्या फ्रीजला हात लावलाय. त्या फ्रीजात दूध नाही, भाजी नाही. नुसत्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या, त्यांच्या तळाला ओल शोषायला भाजलेले तांदूळ आणि वर कागदाच्या पुडीत फुलांचे पराग, म्हणजेच बापूंचे जवान. एक झाड आज फुलतं, दुसरं चार महिन्यांनी. मग पहिल्याचे पराग वाळवून गारव्यात राखायचे आणि दुसरं उमललं की ब्रशानं लावायचे. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस कराडात बसून फुलांची लग्नं जुळवतो! "मधमाशीला शिस्त न्हाई," हे त्यांचं ठाम मत.

त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, जाऊन दोन वर्षं झाली. काकूंनी लावलेल्या लाल लिलीचा कांदा गेल्या पावसाळ्यात सडला. उरली तिच्या परागांची चिमूटभर पिवळी पूड, एका डबीत. चैत्रात पांढरी लिली फुलली की ती लावायची होती. नेमका बापूंचा फ्रीज बंद पडला आणि ती डबी माझ्या फ्रीजरमध्ये आली. रोज सकाळी बापू दारात हजर. डबी जागेवर आहे म्हटलं की माघारी. चहालासुद्धा थांबायचे नाहीत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांची ही गर्दी, आणि हळद संपली. सासूबाई चष्म्याशिवाय फ्रीजात शिरल्या. डबी सापडली. "ही बया हळदबी गारठवती!" म्हणत त्यांनी समोरच्या वहिनींच्या कपाळावर सगळी पूड फासली.

तेवढ्यात दारात बापू! उघडी डबी सासूबाईंच्या हातातच होती.

"वैनी, सावधान! कपाळ हलवू नका! कुंकू कुणी लावू नका!"

खिशातून ब्रश निघाला. भरल्या घरात, वीस बायकांच्या देखत सुभेदारांनी वहिनींच्या आठ्यांतली पूडसुद्धा कागदावर झाडून घेतली. थंडीमुळं कपाळ कोरडं होतं, हे नशीब. बायका हसून हसून लोळायच्या बाकी.

"आवं बापू, चिमूटभर हळदीपायी एवढं?" सासूबाई म्हणाल्या.

"हळद न्हाई, आक्का. सुमनची हाय ती."

सासूबाईंनी गुपचूप चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला.

चैत्रात पांढरी लिली उमलली. बापूंनी ब्रश माझ्या हातात दिला, म्हणून पूड मीच लावली. पुढचे दहा दिवस आम्हा दोघांचा जीव टांगणीला. मग फुलामागं हिरवी बोंडी फुगली आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या.

"बापू, ह्याच्या बियांना फूल लाल येईल का पांढरं हो?"

"कसलंबी येऊ दे," बोंडीला कापडाची पिशवी बांधत ते म्हणाले. "घरात गेलं की कुणीच नसतंय गं पोरी. दारात तरी तिचं काय तरी असू दे."