तक्रार-खिडकीतला टोन कंट्रोल

आवाजाला लगाम घालणं हे मानवजातीचं फार जुनं स्वप्न. ते अखेर साकार झालं पाणीखात्याच्या तक्रार-खिडकीमागे, जेवणाच्या सुट्टीत, बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात. ज्या कारकुनाच्या हातून हे घडलं त्याला मात्र शनिवारी संध्याकाळी गिटार वाजवायची होती, एवढंच.

डबा त्याचाच. गिटारचा सरळ सूर एका बाजूनं आत घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूनं फाडून, घरघरत बाहेर सोडायचा, हे त्या डब्याचं काम. शौकीन लोक त्याला फझ पेडल म्हणतात. बँडचा प्रमुख असलेल्या मेहुण्याच्या मते मात्र त्यातून पत्रा कापल्यासारखा आवाज येत होता. "शनिवारपर्यंत टोन कंट्रोल बसव, नाहीतर प्रेक्षकांत बस," असं त्यानं बजावलं होतं. जेवणाचं टेबल जळाल्यापासून बायकोनं घरात सोल्डरिंगला बंदी घातलेली, म्हणून कारकुनानं ते काम ऑफिसात उरकलं. कर्कशपणा कापणारं बटण एकदाचं बसलं आणि नेमके मागून साहेब आले.

"हे काय?"

"टोन कंट्रोल, साहेब."

"कशाला?"

"आवाज फार कर्कश यायचा. लोक नावं ठेवायला लागले."

साहेब गहिवरले. खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांचा टोन सुधारायला काय उपाय केले, अशी विचारणा वरून आली होती आणि साहेबांनी आजवर फक्त काळजी केली होती. त्यांनी डबा उचलून थेट खिडकीत मांडला. हा गिटारचा आहे, असं कारकुनानं परोपरीनं सांगितलं. साहेबांनी तो विनय समजून त्याची पाठ थोपटली.

खिडकीवर मावशी बसत. त्यांनी नुसतं "काय आहे?" विचारलं की भलेभले आपली तक्रार विसरत. साहेबांनी बटण डावीकडे फिरवलं. मावशींनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि नोकरीत मुरलेल्या माणसाला जे कळायचं ते त्यांना कळलं.

"या ना दादा, बसा. दमलात का?"

बटण उजवीकडे गेलं.

"रांगेत उभं राहा म्हटलं ना!"

साहेब थरारून वरिष्ठांना फोन करायला धावले.

"मावशी, अहो, तो डबा चालूसुद्धा नाहीये," कारकून कुजबुजला.

"साहेब चालू आहेत ना? मग झालं."

शनिवारी दुपारी वरिष्ठ हा चमत्कार बघायला आले. कारकुनानं रात्रभर डोकं लढवून एक बेत आखला होता. दुरुस्तीच्या नावाखाली डबा घरी न्यायचा आणि तिथून तडक कार्यक्रमाला.

"साहेब, बटण जरा घासतंय. घरी नेऊन बघतो."

वरिष्ठांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. काम घरी नेऊन करायची एवढी तळमळ त्यांनी कधी पाहिली नव्हती. हा डबा असा घासतच इथं राहू दे, असा त्यांनी निर्णय दिला. खात्याच्या बाकीच्या सगळ्या खिडक्यांसाठीही असेच डबे कारकुनानंच बनवायचे, आणि शुभस्य शीघ्रम् म्हणून आज संध्याकाळीच बसायचं. टाळ्या पडल्या. कारकुनानं मेहुण्याला कळवलं. मेहुणा पोट धरून हसला आणि प्रेक्षकांतली खुर्चीसुद्धा आता दुसऱ्याला देतो म्हणाला.

एवढ्यात वरिष्ठांचं खिडकीपलीकडच्या गृहस्थांकडे लक्ष गेलं. मावशींनी त्यांना बसवलं होतं, प्रकृती विचारली होती, सूनबाईंचीही चौकशी केली होती. वरिष्ठांनी वाकून विचारलं, "आमचा टोन आता कसा वाटतो आपल्याला?"

"झकास," गृहस्थ म्हणाले. "नळाला पाणी तेवढं सोडा."