मलप्पा अर्धा तास गप्प बसला

"मामा, घरच्या सामानात असा फोटो काढतो की कलेक्टर खुर्ची सोडून उभा राहील!" सिद्धराम म्हणाला आणि तिथंच सगळं बिघडलं. मलप्पा सहसा कुणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नसे. त्या दिवशी भाच्याच्या बोलण्यावर ठेवला.

त्या दिवसांत मलप्पाला फक्त राग यायचा. भूक लागली तरी रागच यायचा. लातूर नवा जिल्हा होऊन तिसरं वर्ष आणि पावसानं तोंड काळं केल्यालाही तिसरंच. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच! निलंग्याजवळच्या त्या गावात सगळ्या विहिरींचे तळ उघडे पडले होते. पाणी होतं एकट्या अण्णारावाच्या विहिरीला, आणि तिच्यावर त्यानं लोखंडी जाळी टाकून कुलूप ठोकलेलं. शेजारी त्याचा ऊस हिरवागार उभा. गावातल्या बायका दोन कोसांवरच्या झऱ्यावरनं घागरी वाहत होत्या, त्यांत मलप्पाची बायको शिवकांताही होती. मलप्पा रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी अण्णारावाच्या दारात जायचा, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि घसा बसला की परत यायचा. दोन महिने हे चाललं. जाळी काही हलली नाही.

शेवटी त्यानं ठरवलं, सोमवारी लातूरला कलेक्टर ऑफिसपुढं उपोषणाला बसायचं. तिथल्या एका साप्ताहिकानं बातमी छापायचं कबूल केलं होतं, पण सोबत फोटो पाहिजे, आणि त्यासाठी सिद्धरामला चारची यष्टी गाठायची होती. सिद्धराम म्हणजे मलप्पाच्या बहिणीचा मुलगा. नव्या जिल्ह्यात त्यानं नवा स्टुडिओ टाकला होता आणि कुठल्याशा मासिकात वाचून त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं.

"फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवला ना मामा, तर तोंड भाकरीवानी सपाट येतंय. फ्लॅश बाजूला पाहिजे, आन् तोही छत्रीत."

"ऊन फ्लॅशला लागतंय का मला?"

"तसं न्हाई. छत्रीवर उजेड आपटून तुमच्या तोंडावर मऊ पडतोय."

त्यासाठीची छत्री शहरात लई महाग, म्हणून सिद्धरामनं मामाचीच काळी छत्री घेतली आणि चहाच्या खोक्यातला चांदीचा कागद तिला आतून डकवला. जोंधळ्यानं भरलेल्या डब्यात काठी रोवून छत्री बांधली, तिच्यात फ्लॅश लावला आणि मोडक्या रेडिओची वायर तिथपासून कॅमेऱ्यापर्यंत ओढली. ओसरीवर मागं पांढरं धोतर ताणलं. त्याच्यापुढच्या खांबाला टेकवून मलप्पाला मांडी घालून बसवलं.

"आता हलू नका."

"मी कुठं हललो?" म्हणत मलप्पा हलला. त्याचं कुठलंही वाक्य दोन्ही हात आणि मान हलल्याशिवाय पुरं होत नसे. सिद्धरामनं वैतागून उपरणं घेतलं आणि मामाला हातांसकट खांबाला बांधून टाकलं. मग दिसलं की घामानं तोंड चमकतंय. त्यानं पावडरचा डबा काढला.

"मी काय तमाशातला हाय का? पावडर लावलीस तर डबा डोक्यात घालीन."

"बरं, मग भस्म लावतो. ते तर रोजच लावताव की."

देव्हाऱ्यातलं भस्म कपाळभर, गालभर फासलं गेलं. उपोषणाला बसणाऱ्याच्या गळ्यात हार असतो, म्हणून झेंडूचा हारही घातला. पहिल्या फोटोला मलप्पा शिवी देत होता, दुसऱ्याला शिंकला. तिसऱ्याला फ्लॅशनंच मान टाकली.

"सेल गेले. दहा मिनिटांत नवे घेऊन येतो," सिद्धराम म्हणाला. "सगळं जुळवलंय, बोटभरसुद्धा हलू नका. डोळे मिटून बसा, म्हणजे शांत दिसताल."

बाजारपेठेत सेल मिळेनात, दहा मिनिटांची तीस झाली. ओसरीवरच्या उकाड्यात मलप्पाचा बसल्या जागी डोळा लागला.

आता लिंगायताच्या घरात माणूस गेला की त्याला आडवा करत नाहीत. बसवतात. भस्म लावतात, हार घालतात, मान पडू नये म्हणून भिंतीशी नाहीतर खांबाशी बांधतात. रिकामी घागर घेऊन रस्त्यानं चाललेल्या शेजारच्या नागुबाईनं ओसरीकडं पाहिलं आणि घागर तिथंच सोडून दिली.

मलप्पाला जाग आली ती रडण्याच्या आवाजानं. तो कडाडून ओरडणारच होता, तेवढ्यात नागुबाईचं बोलणं कानावर आलं.

"मलप्पाण्णा लिंगैक्य झाले हो! मी हाक मारली, तर उलटी शिवीच आली न्हाई. तवाच मला कळलं."

"बरोबर हाय," कुणीतरी म्हणालं. "जित्ता असता तर गप्प बसला असता का?"

"शिवकांता पाण्याला गेलीय. भाच्यानं मागं सगळं रीतीनं केलंय. शहरातलं पोर, पण शहाणं."

मलप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला. शिवी जिभेवर आली आणि नेमका अण्णारावाचा आवाज आला. तो चक्क रडत होता!

"रोज दारात यायचा. एक दिवस चुकला न्हाई. आता मला कोण शिव्या घालील?" अण्णारावानं नाक शिंकरलं. "मी विहीर उघडून द्यायलो, मलप्पाच्या नावानं. ऊस वाळला तर वाळू द्या."

मलप्पानं शिवी गिळली. आयुष्यात पहिल्यांदा गिळली, आणि ती कडू लागली.

अण्णारावानं करदोट्याची विहिरीची किल्ली सोडली आणि मलप्पाच्या मांडीवर ठेवली. नाकावर माशी बसली तरी मलप्पा दगडासारखा राहिला. हे लोक घागरी घेऊन विहिरीकडं गेले की आपण जिंकलो, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

तेवढ्यात धापा टाकत सिद्धराम आला. गर्दी बघून त्याला वाटलं, आपली कला बघायला गाव लोटलंय. त्याची छाती फुगली.

"सरका, सरका! उजेड अडवू नका." त्यानं फ्लॅशमध्ये सेल घातले. "मामा, डोळे उघडा आता."

गर्दीत हुंदके फुटले. नागुबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ल्येकरा, मामा गेला रं."

"गेला कुठं? बसलाय की समोर! मामा, उघडा ना डोळे, यष्टी चुकायलीय."

"पोराच्या डोक्यावर परिणाम झाला," कुणीतरी म्हणालं.

"मला जित्तेपणीच द्यायची होती किल्ली," अण्णाराव हारापुढं हात जोडून म्हणाला. "पण ह्यानं एकदा तरी नीट मागावं की. 'अण्णाराव, पाणी दे' एवढं म्हणला असता, तर त्याच दिवशी दिली असती."

इथं मलप्पाचा बांध फुटला. "मी मागू? तुला? पाण्यावर नागोबा होऊन बसलास आन् वर मलाच शिकवतोस, भाडखाऊ!"

नेमका फ्लॅश उडाला. अर्धी गर्दी रस्त्यापर्यंत पळाली, नागुबाई धोतराच्या पडद्यासकट खाली पडली. अण्णाराव मात्र जागचा हलला नाही. त्यानं डोळे पुसले आणि मलप्पाच्या मांडीवरची किल्ली शांतपणे उचलली.

"ठेव ती," मलप्पा ओरडला. हात बांधलेले होते.

"मेलेल्याला दिली होती. जित्त्यानं मागून घ्यावी."

रस्त्यापर्यंत पळालेले लोक परत आले. बायका रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन मलप्पाच्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या. त्याच घोळक्यात शिवकांता येऊन थांबली होती, दोन कोस चालून. तिच्या घागरीतही तळाला वीतभर गढूळच पाणी होतं. मलप्पानं ते पाहिलं.

"अण्णाराव," तो म्हणाला.

"हाव."

"पाणी दे." मग फार कष्टानं त्यानं आणखी एक शब्द काढला. "बाबा."

अण्णारावानं किल्ली नागुबाईच्या हातावर ठेवली. "कुलूप तुम्ही काढा, जाळी मी उचलून ठेवतो. उसाचं बघू काय होतंय ते." आणि तो मान खाली घालून निघाला. मागनं सगळं गाव धावलं. सिद्धरामही कॅमेरा घेऊन धावला. फोटो पाहिजे तर आता विहिरीचा, उपोषणाचा काय उपयोग!

ओसरीवर शिवकांता राहिली. तिनं घागरीतलं गढूळ पाणी तुळशीला ओतलं आणि खांबाला बांधलेल्या नवऱ्याकडं जरा वेळ बघितलं.

"मला सोड," मलप्पा गुरगुरला.

"चाळीस वर्षं झाली लग्नाला," शिवकांता म्हणाली. "त्या अण्णारावाला बाबा म्हणलाव. मला कधी साधं 'अगं, जरा पाणी दे' सुद्धा म्हणला न्हाईत."

आणि रिकामी घागर कमरेवर घेऊन ती विहिरीकडं चालती झाली.