भिंतीकडे तोंड केलेली लाल गाडी

मुलीला आपली वाटणारी काळजी या रविवारी कायमची मिटवून टाकायची, असं चष्मेवाल्यांनी ठरवलं होतं, आणि त्यांच्या मते ते मुळीच अवघड नव्हतं. स्टेशनाबाहेर जमिनीला टेकलेली लालभडक स्पोर्ट्स कार, तिला रेलून आपण, डोळ्यांवर दुकानातला सगळ्यात महागडा गॉगल. एवढं पाहिल्यावर कोणती मुलगी म्हणेल की बाबा एकटे पडलेत?

मुलगी येणार होती ती फक्त तीन तासांसाठी. जावयाची बदली झाली होती आणि नव्या गावी जाताना तिला इथे ट्रेन बदलावी लागत होती. अकराला उतरायचं, दोनला पुढची पकडायची. सोबत चार महिन्यांची नात. आजोबांनी तिला आजवर फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं, तेही बहुतेक वेळा नुसतं कपाळ. घर स्टेशनपासून पंचवीस मिनिटांवर. म्हणजे जाणं-येणं वजा जाता घरात निवांत दोन तास. त्या दोन तासांसाठी त्यांनी आठवडाभर घर पुसलं होतं. पंख्याची पाती पुसली, दारामागच्या खुंट्या पुसल्या, आणि चार वर्षांत कोणी न बसलेली खुर्चीसुद्धा पुसून खिडकीपाशी ठेवली.

गाडी सेकंडहँड होती. अकरा वर्षांची, दोन सीटची, ऑटोमॅटिक. विकताना आधीच्या मालकाचे डोळे भरून आले होते. ते दुःखाने नव्हे, हे चष्मेवाल्यांना दोन दिवसांनी कळलं. पुढे जायला गाडी फाकडी होती. मागे जायचं म्हटलं की मात्र तिला विचार करावा लागे. दांडा रिव्हर्सला टाकला की काहीच होत नसे. इंजिन घरघरत राही, गाडी ढिम्म. कधी वीस सेकंद, कधी रेडिओवरचं अख्खं गाणं संपेपर्यंत. आणि मग कोणी चिमटा काढल्यासारखी ती एकदम मागे उसळे. गॅरेजवाल्या मिस्त्रीने बॉनेट उघडून, बंद करून सांगितलं होतं, "गिअरबॉक्स म्हातारा झालाय. त्याला ऐकू येतं, पण उशिरा."

यावर चष्मेवाल्यांनी तोडगा काढला होता. त्यांनी आपल्या आयुष्यातून रिव्हर्सच काढून टाकला. किराणा घ्यायचा तो पलीकडून बाहेर पडता येईल अशाच दुकानात. बँक बंद गल्लीत होती, म्हणून बँक सोडली. एखादं वळण चुकलं तर अर्ध्या गावाला वळसा घालून पुन्हा त्याच वळणावर यायचं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. घरी लवकर पोचून तरी करायचं काय होतं?

दुसरी भानगड त्यांच्या डाव्या पायाची होती. तीस वर्षं त्या पायाने क्लच दाबला होता. या गाडीत क्लचच नव्हता, पण पायाला ते पटत नव्हतं. जरा गडबड झाली की तो आपणहून पुढे जाई आणि जे सापडेल ते दाबून धरी. सापडायचा तो ब्रेक.

तिसरी भानगड गाडीची नव्हती. मुलगी रोज रात्री नऊला फोन करून विचारायची, आज काय केलंत? खरं सांगायचं तर दुकानात दिवसभर "वरची ओळ वाचा, आता खालची" याच्यापलीकडे त्यांचं कोणाशी बोलणं होत नसे. रविवारी तेही नाही. असं मुलीला कसं सांगणार? म्हणून एकदा त्यांनी सहज एक डॉक्टर निर्माण केला. मग त्याच्या जोडीला एक विसरभोळा प्रोफेसर. तिघे मिळून रविवारी म्हणे गाड्या घेऊन लांब फिरायला जात. डॉक्टर फार खादाड होता, प्रोफेसर प्रत्येक ठिकाणी छत्री विसरत असे. सहा महिन्यांत दोघेही इतके अंगाने भरले की कधी कधी चष्मेवाल्यांना स्वतःलाच त्यांची आठवण येई.

तर त्या रविवारी ते तासभर आधीच स्टेशनावर पोचले. बाहेर गाड्यांची ही गर्दी. सरळ निघता येईल अशी एकही जागा नाही. उरली होती ती एकच, पार्सल ऑफिसच्या भिंतीला नाक लावून. त्यांनी मनाचा हिय्या केला आणि लावलं नाक.

अकराला मुलगी उतरली. वाळली होती. खांद्यावर बॅग, छातीशी नात. आजोबांनी नातीकडे पाहिलं, नातीने गॉगलकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. गॉगल खिशात गेला. मुलगी म्हणाली, आधी हिला वेटिंग रूममध्ये पाजते, तोवर तुम्ही गाडी काढा.

गाडी काढा! चष्मेवाल्यांनी दांडा रिव्हर्सला टाकला आणि थांबले. एक गाणं संपलं. जाहिराती संपल्या. बातम्यांमध्ये चार जण बोलून गेले. गाडी गार पडली होती आणि गिअरबॉक्सला आज काहीच ऐकू येत नव्हतं. साडेअकरा. पावणेबारा. वेटिंग रूमच्या दारातून मुलीने दोनदा डोकावून पाहिलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी सगळं ठीक असल्यासारखा हात हलवला.

शेवटी त्यांनी उतरून मदत मागितली. पिशवी घेऊन चाललेला एक प्लंबर थांबला. समोरच्या केशकर्तनालयातून न्हावी आला, खांद्यावर टॉवेल तसाच. नाक आणि भिंत यांच्यात माणूस मावत नव्हता, म्हणून दोघांनी दोन बाजूंनी दारं धरली आणि गाडी मागे रेटायला सुरुवात केली. चष्मेवाले आत बसून त्यांना जोर द्यायला सांगत होते. दोघे घामाघूम झाले, गाडी तसूभर हलेना. न्हावी म्हणाला, आत इंजिन आहे का धर्मशाळा? दम खायला तो मागे जाऊन बसला आणि तिथूनच त्याने शांतपणे विचारलं, "साहेब, हे लाल दिवे मघापासून का पेटलेत?"

चष्मेवाल्यांनी खाली पाहिलं. डावा पाय ब्रेकवर उभाच होता, इमानाने, पूर्ण ताकदीने.

पाय उचलायला आणि गिअरबॉक्सला ऐकू यायला एकच गाठ पडली. गाडी उसळली. प्लंबर दारासकट चार पावलं गेला, न्हावी टॉवेल टाकून पळाला, आणि चष्मेवाल्यांचा डावा पाय पुन्हा ब्रेकवर गेला. या गाडीत पहिल्यांदाच तो बरोबर जागी गेला होता. गाडी आवाराच्या मधोमध थांबली. मग कोण आधी हसलं कोणास ठाऊक, पण तिघेही गाडीला टेकून पोट धरून हसत होते, आणि नेमकी तेव्हा मुलगी बाहेर आली.

तिने बाबांना हसताना पाहिलं. दोन माणसांच्या मध्ये, एकाच्या खांद्यावर हात ठेवून. तिचा चेहरा एकदम उजळला.

"हेच का तुमचे डॉक्टर? आणि हे प्रोफेसर?" तिने आधी प्लंबरकडे, मग न्हाव्याकडे पाहून विचारलं.

प्लंबरने चष्मेवाल्यांकडे पाहिलं. ते मुलीच्या पाठीमागे जाऊन हात जोडून उभे होते. माणूस भला होता. "हो," तो म्हणाला.

"बरं झालं भेटलात काका. हिचं नाक दोन दिवस वाहतंय."

प्लंबरने वाकून नातीकडे नीट पाहिलं. "वाहतंय ना? वाहू द्या," तो गंभीरपणे म्हणाला. "तुंबलं की मला बोलवा."

न्हाव्याने आपणहून सांगितलं की तो प्रोफेसर आहे आणि त्याचं एक डोकं अर्धवट राहिलंय. असं म्हणून तो गेलाच. पाठोपाठ डॉक्टरही पिशवी उचलून गेले.

साडेबारा होत आले होते. अजूनही घरी अर्धा-पाऊण तास तरी मिळाला असता. चष्मेवाल्यांनी लगबगीने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. सीटवर नातीसाठी नवीकोरी बाळखुर्ची पट्ट्यांनी करकचून बांधलेली होती. आदल्या दिवशी दोन तास खपून त्यांनी ती बसवली होती. मुलीने ती पाहिली. मग दुसरी सीट पाहिली, तिच्यावर बाबा बसणार होते. तिसरी सीट तिने शोधली, पण ती कारखान्यानेच दिली नव्हती.

"आणि मी?" ती म्हणाली.

सहा महिने गाडी वापरून, आठवडाभर घर पुसून, हा प्रश्न चष्मेवाल्यांना एकदाही पडला नव्हता. त्यांनी हिशेब नेहमी स्वतःसोबत एकाच माणसाचा केला होता. त्याहून जास्त माणसं एका वेळी आपल्याकडे असू शकतात, हे त्यांच्या ध्यानातून गेलं होतं.

ती बाळखुर्ची सोडवण्यात, नाहीतर टॅक्सीत जाण्या-येण्यातच वेळ जाईल, म्हणून ती म्हणाली, बसू इथेच. मग दोघं फलाटावरच्या बाकावर बसली. नात आजोबांच्या मांडीवर.

"बाबा," ती म्हणाली, "डॉक्टरांच्या पिशवीतून नळ डोकावत होता."

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. आता ही रडेल किंवा ओरडेल, आणि उद्यापासून दिवसातून चार फोन येतील.

"मी तुम्हाला तपासायला फोन करत नव्हते हो," ती म्हणाली. "दिवसभर ही आणि मी, दोघीच. हे येतात तेव्हा मी झोपलेली असते. आता नव्या गावी तर शेजारीण पण नसेल. रात्री नऊला तुमच्या डॉक्टरांच्या गमती ऐकल्या की वाटायचं, कोणाचं तरी मजेत चाललंय. आता मी काय ऐकू?"

तेवढ्यात घोषणा झाली की दोनची ट्रेन चाळीस मिनिटं उशिरा येणार आहे. सगळा फलाट करवादला. बाकावरची दोन माणसं मात्र बळंच गंभीर चेहरा करून बसली.

चाळीस मिनिटं. चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. इतक्या दिवसांचं साठलेलं, खरं, एकदम कुठून काढायचं? म्हणून त्यांनी सरावाचंच काढलं. मागच्या रविवारी प्रोफेसरने काय केलं माहितीये का, असं म्हणत त्यांनी प्रोफेसरला घाटात नेलं, गाडीतून उतरवलं, आणि शेजारी पाहिलं तर मुलगी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलेली. तोंड किंचित उघडं. नातही झोपली होती.

पुढची गोष्ट ऐकायला कोणीच नव्हतं. खांदा अवघडला, मांडीला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली. चष्मेवाले हलले नाहीत. उशीर आणखी वाढावा म्हणून ते मनातल्या मनात रेल्वेची विनवणी करत राहिले.

आणि ती ट्रेन, जी कधीच दिलेल्या वेळेला आली नव्हती, त्या दिवशी चाळीस मिनिटं सांगून सव्विसाव्या मिनिटाला आली.