शेवंताबाईंच्या गोष्टीतली सावत्र आई

शेवंताबाईंच्या गोष्टीतली सावत्र आई कधीच विष देत नाही. विषाची वाटी राजवैद्य विसरून गेलेला असतो, नाहीतर राणी त्या दिवशी माहेरी असते. राजकन्या जंगलात हरवते ती स्वतःच्या हट्टाने, आणि तिला शोधत अनवाणी फिरते ती सावत्र आईच.

चंद्रपूरजवळच्या मूल गावातल्या आमच्या गल्लीतली पोरं त्यांच्या ओट्यावर जमतात. एखादं म्हणालंच, "आजी, सावत्र आई तं दुष्ट राह्यते," की शेवंताबाई डोळे बारीक करतात.

"तू पाह्यलं काय?"

राक्षसाचीही वकिली तीच. "घर त्याचं. राजकुमार न इचारता घुसला. मंग राक्षसानं काय त्याले चहा पाजाचा?" बाजू घेत नाहीत ती फक्त वाघाची. "त्याले मी सोता पाह्यलं हाय."

माझी नात सानू सांगते, मोबाइलवरच्या नव्या गोष्टींतही हल्ली असंच असतं. चेटकिणीला कारणं असतात, राक्षस मनाचा मऊ निघतो. म्हणजे जुन्या गोष्टी काही मरत नाहीत, फक्त आरोपी सुटतात.

मला मात्र शेवंताबाईंच्या गोष्टींचा पहिल्यापासून संशय. कारण त्या स्वतः सावत्र आई.

मी लग्न होऊन गल्लीत आले तेव्हा वीस वर्षांची. अंगावर मूठभर मांस, डोक्यात पोतंभर संशय. शेवंताबाई सात वर्षांच्या मंदाला ताटात काय वाढतात, हे मी भिंतीवरून डोकावून बघायची. त्या बाईशी दोन शब्द बोलावे, हे काही या हुशार नवरीला सुचलं नाही.

एकदा तीन दिवस मंदाला नुसती पेज. झालं! पोरीला उपाशी मारतेय म्हणून शेवंताबाई विहिरीवर जाताच मी आत शिरले आणि मंदाला वडे चारले, वर लोणचं. पोर अधाशासारखं खात होतं, आणि मी स्वतःच्याच दयाळूपणावर खूश.

मंदाला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, होता. डॉक्टरनेच पेज सांगितलेली. दुसऱ्या दिवशी तिला चंद्रपूरला हलवावं लागलं. वाचली कशीबशी. गल्लीने निकाल दिला, "सावत्र मायनं कायतरी चारलं." आणि मी? मी डोक्यावरचा पदर सावरून सगळ्यांबरोबर मान हलवली.

मंदाला तापातलं काही आठवत नव्हतं. लग्नाच्या वेळी कुण्या बाईने गल्लीचा तो निकाल तिच्या कानात घातला. तेव्हापासून ती शेवंताबाईंच्या हातचा घासही खात नाही. सासरहून, कोरपन्याहून, वर्षातून दोनदा येते, निजते त्यांच्याकडे, जेवते माझ्याकडे. "काकू, तुमच्याच हातचा भरोसा वाटते," म्हणते.

यंदा ती यायच्या आदल्या दिवशी सानूने विचारलं, "आजी, मंदाआत्या आपल्याकडेच का जेवते?" मी तशीच उठले, शेवंताबाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्या धान पाखडत होत्या. सूप थांबलं नाही.

"माहीत हाय मले. खाटेखाली कटोरी सापडली. तुया सासूचं नाव होतं तिच्यावर. घासून तुया ओट्यावर ठेवली."

"मग बोलल्या काऊन नाई?"

"तू नवी होती, कमल. सासूनं त्याच दिवशी माहेरी धाडलं असतं. मले तं लोक तसेबी म्हणतच होते."

"उद्या मंदाले सांगतो मी."

आता सूप थांबलं. "नको. तुयाकडं जेवते म्हणून दोन दिस राह्यते पोरगी. तुयावरचाबी भरोसा गेला, तं सांजच्याच बसनं निघून जाईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी मंदा माझ्या स्वयंपाकघरात जेवायला बसली. शाळेला सुट्टी होती, भिंतीपलीकडे शेवंताबाईंचं पोरांना गोष्ट सांगणं चाललं होतं. मी तिला भात वाढला आणि सांगितलं. वडे, लोणचं, मान हलवणं, सगळं. आवाज जरा चढलाच असावा, कारण पलीकडची गोष्ट मध्येच थांबली.

मी मनात बसच्या वेळा आठवत होते. मंदाने खिडकीकडे तोंड केलं.

"बाई, थांबली काऊन? पुढं काय झालं?"

पलीकडून शेवंताबाईंचा आवाज आला.

"पहिले जेवून घे."