ओट्यापुढची फक्की

लताबाईंनी सकाळी दार उघडलं आणि सड्याची बादली हातातच राहिली. ओट्याला घासून, पार गल्लीच्या टोकापर्यंत पांढऱ्या फक्कीची रेष गेली होती. कुंभमेळा तोंडावर आलेला. अशा दिवसांत नाशकात रेष दिसली की माणूस आधी आपली भिंत चाचपतो.

लताबाईंचा ओटा म्हणजे गल्लीचा दरबार. कुणाची सून किती वाजता उठली, कुणाच्या भाजीत मीठ पडलं नाही, सगळे निवाडे तिथेच लागायचे. एवढंच, की तो तीन फूट रस्त्यात होता. पालिकेच्या माणसाला ते दिसू नये म्हणून लताबाई त्या तीन फुटांवर कायम पाय पसरून बसायच्या.

"आई, ती रेष रुंदीकरणाची नाहीये," सून अंजली दारातून म्हणाली. "परवा पालिकेच्या मीटिंगमध्ये सांगितलं ना..."

"तू गप. ज्यांच्या चुली थंड, ते जातात मीटिंगला."

तेवढ्यात शेजारच्या ठमाबाई धावत आल्या. "लताबाई, माझ्या भाचीकडं अश्शीच रेष मारली होती. सकाळी रेष, दुपारी जेसीबी. न्हाणीची भिंत पडली, अन् आत पाव्हणे अंघोळ करत होते!"

पुढचं ऐकायला लताबाई थांबल्याच नाहीत. बादली रेषेवर उपडी केली आणि खराट्याने असं घासलं की खालचं डांबर उजळलं. दुसऱ्या दिवशी रेष परत हजर, आधीपेक्षा जाड.

दुपारी गल्ली झोपल्यावर त्या रेष पुन्हा धुऊन रांगोळीचा डबा घेऊन निघाल्या. समोर श्यामलाबाईंचं घर. शाळेतून रिटायर झालेल्या बाई. त्यांच्याशी वैर नव्हतं. पण एक ओटा जाणारच असेल, तर तो शिकलेल्या माणसाचा जावा. त्यांना अर्ज तरी लिहिता येतो. लताबाईंचा हात डोळे झाकून ठिपके टाकणारा. रेष श्यामलाबाईंच्या ओट्याला घासून सरळ उतरली, आणि हात सवयीने शेवटी लक्ष्मीचं पाऊल काढून गेला.

सकाळी जेसीबी आला तो थेट समोरच्या दारात. लताबाई पडद्याआडून बघत होत्या. पहिला घाव तिकडे पडला, कळ यांच्या छातीत गेली. श्यामलाबाई मात्र मजुरांना चहा देत होत्या. 'भीतीनं डोकं फिरलं बिचारीचं,' लताबाईंच्या मनात आलं.

मग पालिकेच्या इंजिनिअर चैताली मॅडम स्कूटरवरून उतरल्या. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "मी रेष त्या बाजूला मारली होती ना?"

ठमाबाई लताबाईंच्या कानाला लागल्या. "सरकारी रेष पुसली तर जामीन पण मिळत नाय म्हणतात."

मॅडम सरळ लताबाईंकडेच आल्या. "आजी, ही रेष..."

"मी नाय! माझा गुडघा धरलाय, मला वाकता पण येत नाय!"

"अहो, मी म्हणतेय, उतार तिकडेच आहे. तिकडेच बरं झालं."

मॅडम गेल्या तेव्हा कुठे अंजलीला बोलायला मिळालं. "आई, पावसात गल्ली तुंबते म्हणून पाणी मुरवायचे खड्डे खणतायत, त्यात झाडं लावणार. निधी आलाय त्याचा. ज्याचा ओटा जाईल त्याला झाडाभोवती दगडी पार बांधून देणार."

"मग हे आधी सांगायला तुझ्या तोंडात काय मूग होते?"



पार झाला. गुळगुळीत दगड, मधे उंच करंज, दहा बायका ऐसपैस बसतील एवढी जागा. ठमाबाई "नुसती बघून येते" म्हणून गेल्या त्या परतल्याच नाहीत. आठवड्यात सगळा दरबार समोर गेला. वाचलेल्या ओट्यावर लताबाई एकट्या, पाय पसरून.

शेवटी त्यांनी मॅडमना रस्त्यात गाठलं. "माझा ओटा तीन फूट रस्त्यात हाय. मोजा अन् तोडा."

"आजी, निधी एकाच बाजूपुरता होता, तो संपला. तुमच्या ओट्याला आता कुणी हात लावत नाही. निश्चिंत राहा."

हेच आधी ऐकलं असतं तर लताबाईंनी नारळ फोडला असता.

संध्याकाळी त्या बादली घेऊन रस्ता ओलांडून गेल्या. "झाड सरकारचं हाय, कुणाच्या बापाचं नाय," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत करंजाला पाणी घातलं आणि पाराच्या अगदी कडेला टेकल्या.

"नीट बसा की," श्यामलाबाई म्हणाल्या.

"बसायला नाय आले. पाणी मुरतंय का ते बघते."

श्यामलाबाई जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, पण रेषेच्या टोकाला लक्ष्मीचं पाऊल काढणारी पालिका मी पहिल्यांदाच पाहिली हो."

लताबाईंचा पदर तोंडाशी गेला. आता पोलीस, आता जामीन! पण श्यामलाबाईंनी फक्त बाजूची जागा हाताने झटकली आणि विचारलं, "ठमाबाईंच्या भाचीचं पुढं काय झालं?"

दिवेलागण झाली. बायका उठल्या, घरोघरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. अंजलीने दारातून हाक मारली, "आई, जेवायला येताय ना?"

"थांब जरा," पाय पसरून लताबाई ओरडल्या, "अजून मुरतंय!"