सर फळीच्या त्या टोकाला

"पडण्याचा प्रश्नच येत नाही, आई. गणित केलंय," सर सासूबाईंना म्हणाले. वीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या जावयापुढे त्या बिचाऱ्या काय बोलणार?

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला बाहेरून रंग द्यायचा होता आणि रंगाऱ्याचं काम सरांना कधी पसंत पडत नसे. त्यांनी एक लांब फळी खिडकीबाहेर काढली. खिडकीचा कठडा हा टेकू. आतलं टोक जेवणाच्या टेबलावर, त्या टोकावर सासूबाई. बाहेर एक मीटरवर सर, वजन ऐंशी किलो. आत दोन मीटरवर सासूबाई, पन्नास किलो. ऐंशी एके ऐंशी, पन्नास दुणे शंभर. शंभर मोठे, म्हणून जावई सुखरूप.

पहिला हात मारताना सरांची नजर खाली गेली. खाली नुसती फरशी. ते फळीला मिठी मारून बसले.

सासूबाईंचा जीव कासावीस झाला. जावयाला धरायला त्या बसल्या बसल्या पुढे सरकल्या. एक वीत, दोन विती. आतलं टोक टेबलावरून उचललं गेलं आणि सर रंगाच्या डब्यासकट खाली झुकले.

"मागे व्हा, मागे!"

"अहो, धरते ना तुम्हाला."

"तुम्ही जवळ आलात की मी मरतो!"

सासूबाई झटक्यात मागे सरकल्या. टोक टेबलावर आपटलं. जीव वाचला, पण बोलणं त्यांच्या जिव्हारी लागलं.

"एवढी डोळ्यांत खुपते, तर उठतेच मी इथून."

सरांनी फळी आणखी घट्ट आवळली. ही बाई जवळ आली तर मरण, रुसली तरी मरण.

"उठू नका, पाया पडतो. वजन तेच असतं हो, पण टेकूजवळ आलं की त्याचा जोर कमी होतो. लांब गेलं की वाढतो. टॉर्क म्हणतात याला."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "हा नियम फक्त मलाच?"

"दोघांनाही."

"मग तुम्ही तिकडे लांब कशाला बसलाय? आत सरका की."

सरांनी डोळे घट्ट मिटले. मग बोटाबोटाने सरकत ते आत आले आणि त्यांनी जमिनीवर लोळण घेतली.

सासूबाईंनी पाणी दिलं. "शाळेत हाच विषय शिकवता ना तुम्ही?" त्यांनी अगदी मायेनं विचारलं.

"हो," सर म्हणाले, आणि पुढच्या वर्षी इतिहास मागून घ्यायचं त्यांनी तिथेच ठरवलं.